गीझर बंद केलास का?

या वेळी आलेलं एक पत्र चार-पाच दिवस माझ्या डोक्यातून जात नव्हतं. ते बरंच लांब आहे, म्हणून मुख्य भाग तेवढा देते. नाव मी ठेवलं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील लिहिणारीला विचारून बदलले आहेत.

‘मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. लग्नाला तेवीस वर्षं झाली. मुलगी पुण्याला शिकते. नवरा चांगला आहे हे आधीच सांगते. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार घरात. कुपवाडच्या एमआयडीसीत आहेत. घरात वाचणारं कुणी नाही. ह्यांच्या आजोबांचा मिरज-सांगली टांगा होता, सासरे फिटर होते. सासरे गेल्या दिवाळीनंतर गेले, तेव्हापासून हे पहाटे उठून कृष्णेच्या घाटावर जाऊन बसतात, विचारलं तर “काही नाही” म्हणतात.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी वाचनकट्टा भरतो. यंदा आम्ही लग्नाबाहेरच्या प्रेमाच्या कादंबऱ्या घेतल्या. आना करेनिना, मादाम बोव्हारी, चेकॉव्हची ती कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाईची कथा. मला हे सगळे लोक कळतात. आना तर इतकी कळते की भीती वाटते. कट्ट्यावर एक सर येतात, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी वारल्या. पुस्तकांवरून मेसेज सुरू झाले, ते आता रोज रात्री अकरापर्यंत चालतात. त्यात वावगं एक अक्षर नाही. तरी मी ते पुसून टाकते.

एकदा आनाची भावजय डॉली हिचा बग्गीतला प्रसंग मी ह्यांना सांगायला बसले. जेवणं झाली होती. म्हटलं, अहो, यात एक बाई आहे, तिला पंधरा वर्षांत पहिल्यांदाच एकटीला विचार करायला वेळ मिळतो. हे म्हणाले, “गीझर बंद केलास का?” मी उठले, गीझर बंद केला, आणि तो प्रसंग सरांना लिहून पाठवला.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला एक कार्यक्रम आहे, दिवसभराचा. सरांनी विचारलं, बरोबर चलता का. घरी काय सांगायचं ते मी मनात जुळवायला लागले आणि एकदम घाबरले. मी गुन्हा करते आहे का? ही पुस्तकं वाचणं सोडू का? की या वयात सगळ्यांनाच असं होतं? – सुमती’

प्रिय सुमती,

गुन्ह्याचं आधी उरकून टाकू. आपल्याकडे परस्त्रीशी संबंध हा फौजदारी गुन्हा होता, १८६० च्या दंड संहितेतल्या कलम ४९७ प्रमाणे. शिक्षा त्या परक्या पुरुषाला, पाच वर्षांपर्यंत. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बाईच्या मनाचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. घटस्फोटासाठी ते कारण आजही चालतं. पण तुमचं जे चाललं आहे ते यातल्या कशातच बसत नाही, आणि तुम्ही बँकेत काम करणाऱ्या बाई आहात, तुम्हाला ते कळतं. ‘गुन्हा’ हा शब्द तुम्ही लिहिलात तो दुसरा सापडला नाही म्हणून, असं मला वाटतं. आपल्या भाषेत या बाबतीत खरंच अडचण आहे. लफडं, भानगड, प्रकरण, बाहेरख्यालीपणा: हे सगळे शब्द शेजारच्या खिडकीतून बघणाऱ्यांचे आहेत. पुरुषाचं वय झाल्यावर मन भलतीकडे धावलं तर त्याला ‘म्हातारचळ’ लागला म्हणतात. वाईट का होईना, शब्द तरी आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला रात्री अकरा वाजता मेसेजची वाट बघावीशी वाटते, याला शब्दच नाही. मग बाई कादंबरीत शोधते. तुम्ही शोधलंत, यात काही चुकलं नाही.

म्हणून पुस्तकं सोडू नका. ही भीती फार जुनी आहे. मादाम बोव्हारी १८५६ मध्ये पॅरिसच्या एका नियतकालिकात क्रमशः आली आणि पुढच्याच जानेवारीत लेखक फ्लोबेर, संपादक आणि मुद्रक असे तिघे कोर्टात उभे राहिले. सरकारी वकिलाची चिंता तुमच्यासारखीच होती: असलं पुस्तक मुलींच्या, लग्न झालेल्या बायकांच्या हातात पडलं तर काय होईल? ७ फेब्रुवारी १८५७ ला तिघेही सुटले.

पण त्या पुस्तकात वाचण्याबद्दलच एक जागा आहे, ती तुम्ही पुन्हा काढून बघा. त्यातली नायिका एम्मा लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये असते. तिथे महिन्यातून आठवडाभर एक म्हातारी कपड्यांची डागडुजी करायला येते आणि एप्रनच्या खिशात कादंबऱ्या लपवून आणते. मोठ्या मुली त्या चोरून वाचतात. एम्माही वाचते, पण कशी, ते फ्लोबेर नेमकं सांगतो. जे आपल्या मनाला लगेच उपयोगी पडेल तेवढं घ्यायचं, बाकीचं टाकून द्यायचं. तिला समुद्र आवडतो तो वादळापुरता. मोडक्या भिंतींमधून उगवली तरच हिरवळ आवडते. सुमती, तुम्हीही सध्या असंच वाचताय अशी मला शंका आहे. आना तुम्हाला कळते असं तुम्ही लिहिता, पण पत्रात आना करेनिनामधला जो एकमेव प्रसंग तुम्ही सांगितलात तो डॉलीचा आहे. ही काही छोटी गोष्ट नाही. तिच्याकडे येतेच.

त्याआधी वयाचं. ‘मिडलाइफ क्रायसिस’ हा शब्द इलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या १९६५ च्या एका निबंधातला. आता तो नवी मोटार घेणाऱ्या पुरुषांसाठी वापरतात, पण मूळ निबंधाच्या नावात आधी ‘मृत्यू’ आहे आणि मग मध्यवय. त्यात जॅक्सने एका छत्तिशीतल्या रुग्णाचं बोलणं दिलं आहे. तो म्हणतो, आजवर आयुष्य म्हणजे न संपणारा चढ वाटत होता. आता अचानक माथ्यावर आलोय आणि समोर उतार आहे, त्याचं टोक दिसतंय. बास, एवढंच. बाई, पुरुष, मोटार, कविता, सगळं नंतर येतं. आपली गौरी देशपांडे यांनी १९८० च्या ‘एकेक पान गळावया’ या पुस्तकातल्या एका दीर्घकथेला नाव दिलं होतं ‘मध्य लटपटीत’. या वयाला याहून अचूक दोन शब्द मी मराठीत तरी वाचले नाहीत.

शरीराचंही सांगून ठेवते. तुमच्या पत्राच्या शेवटी ‘रात्री तीनला जाग येते, घामाने पाठ भिजलेली असते’ असं ओझरतं आलंय. तुमचं वय पाळी जाण्याच्या आसपासचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन या. याचा अर्थ तुमच्या मनातलं सगळं ‘हार्मोन्समुळे’ आहे असं मी म्हणत नाही. बायकांच्या प्रत्येक दुःखाला ते लेबल चिकटवणारे डॉक्टर मला माहीत आहेत. पण सलग सहा तास झोपलेली बाई आणि तीन वाजल्यापासून छताकडे बघत पडलेली बाई, दोघींना एकाच मेसेजचा अर्थ वेगळा लागतो.

आता गीझर. तुमच्या पत्राचा जीव त्या एका वाक्यात आहे. ते वाचताना मलाही चटका बसला, कारण चेकॉव्हने ते वाक्य १८९९ मध्येच लिहून ठेवलंय, फक्त गीझरच्या जागी मासा आहे. याल्ता या समुद्रकाठच्या गावी त्या कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाईच्या प्रेमात पडलेला गुरोव मॉस्कोला परत येतो. चाळिशी अजून गाठलेली नाही, घरी बायको, बारा वर्षांची मुलगी, शाळेत जाणारे दोन मुलगे. त्याला वाटतं महिनाभरात त्या बाईला विसरून जाऊ. विसरत नाही. कुणाला तरी सांगावंसं वाटतं. एका रात्री क्लबातून बाहेर पडताना, नुकतेच ज्याच्याबरोबर पत्ते खेळला त्या सरकारी अधिकाऱ्याला तो बोलून जातो, की याल्तात मला काय विलक्षण बाई भेटली म्हणून सांगू. अधिकारी गाडीत बसतो, गाडी हलते, आणि तो मागे वळून हाक मारतो. गुरोव थांबतो. अधिकारी म्हणतो, मघाशी तुम्ही म्हणालात ते खरं होतं, माशाला जरा वास येत होता!

या वाक्याने गुरोव पेटून उठतो. काय हे लोक, काय ह्या रात्री, काय हे पत्ते आणि खाणंपिणं आणि तेच ते बोलणं. डिसेंबरच्या सुट्टीत तो तिच्या गावाची गाडी पकडतो. तुम्ही गीझर बंद करून सरांना मेसेज केलात तो याच चालीवर. तुम्हाला गुरोव कळला यात मला जराही नवल वाटत नाही.

पण माशाचं हे वाक्य तुमच्याच यादीतल्या दुसऱ्या पुस्तकातही आहे, अगदी शेवटच्या पानावर, आणि कट्ट्यावर त्याबद्दल कुणी बोललं असेल असं वाटत नाही. टॉल्स्टॉयच्या ‘आना करेनिना’त आना आगगाडीखाली जीव देते, तिथे लोक पुस्तक मनातल्या मनात मिटतात. पुढे आख्खा आठवा भाग असतो, तो लेविनचा. लेविनचं लग्न त्या पुस्तकातलं सगळ्यात सुखाचं लग्न आहे. आवडती बायको, तान्हा मुलगा, शेती. आणि हा माणूस घरातला दोर लपवून ठेवतो, आपण गळफास घेऊ या भीतीने. बंदूक घेऊन बाहेर पडत नाही, स्वतःवर झाडू म्हणून. भावाचं मरण त्याने जवळून बघितलंय, तेव्हापासून ‘मी कशासाठी जगतोय’ हा प्रश्न त्याला सोडत नाही. टॉल्स्टॉयने एवढ्या जाडजूड कादंबरीत एकाच प्रकरणाला नाव दिलंय, ते भावाच्या मरणाच्या प्रकरणाला: ‘मृत्यू’. बाकी सगळ्यांना नुसते आकडे.

तर शेवटी लेविनला त्याच्यापुरतं उत्तर सापडतं. रात्रीची वेळ आहे, वादळ दूर गेलंय, तो गच्चीवर आकाशाकडे बघत उभा आहे. बायको किटी येते. विजेच्या उजेडात त्याचा चेहरा निरखते. त्याला वाटतं, हिला कळलंय, हिला सांगावं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलते: कोपऱ्यातल्या खोलीत तुझ्या सावत्र भावाची सोय नीट झालीय का जरा बघून येतोस? तिथे नवा वॉशस्टँड लावला का? लेविन म्हणतो, बरं, बघतो. आणि मनातलं मनातच ठेवतो.

मी हे पान कितीदा वाचलं असेल. किटीला टॉल्स्टॉय मूर्ख म्हणत नाही. त्याच दिवशी ती तान्ह्या मुलाला घेऊन वादळात अडकली होती, जवळच वीज पडून झाड कोसळलं होतं. घरात पाहुणा उतरलाय आणि पाहुण्याला हात-तोंड धुवायला काहीतरी लागणारच. मासा, वॉशस्टँड, गीझर, तिन्ही वाक्यं सारखीच आहेत. एका माणसाने त्यावरून ठरवलं की आपलं सगळं आयुष्यच खोटं आहे आणि तो गाडीत जाऊन बसला. दुसरा वॉशस्टँड बघायला गेला. तुमच्या यजमानांना त्या क्षणी गीझर आठवला, यावरून तुमच्या लग्नाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, सुमती. हे लग्न चांगलं आहे असंही नाही आणि मेलेलं आहे असंही नाही. तुम्ही एकदा सांगायला गेलात आणि ते पोचलं नाही, इतकंच झालंय.

आता मला खटकलेली गोष्ट. तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात पुस्तकं दीड पान, सर एक पान, बँकेतल्या बदलीच्या भीतीवर अर्धं पान. यजमान ‘चांगले आहेत’ हे सांगायला दोन ओळी. आणि एका वाक्यात, टांग्याच्या आणि फिटरच्या शेजारी, तुम्ही लिहून गेलात की वडील गेल्यापासून हा माणूस पहाटे उठून नदीवर एकटा बसतो. पुढचं वाक्य लगेच वाचनकट्ट्याचं. मी तिथे थांबले आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

या गोष्टींत नवरे आणि बायका कशा येतात बघा. गुरोवच्या बायकोबद्दल आपल्याला काय माहीत आहे? उंच, भुवया काळ्याभोर, स्वतःला विचारी समजते, आणि एक टोमणा. संपलं. तिला रात्री झोप लागायची का, ते चेकॉव्ह सांगत नाही, कारण गुरोवलाच ते माहीत नाही. आना मॉस्कोहून परत येते, स्टेशनवर तिचा नवरा करेनिन घ्यायला आलेला असतो, आणि तिला पहिल्यांदाच त्याचे कान दिसतात. असे कसे याचे कान पुढे आलेत, असं तिला वाटतं. कान तर आठ वर्षं तिथेच होते. माणसाचं मन निघालं की घरातल्या माणसाचे कान मोठे व्हायला लागतात. तुम्ही यजमानांच्या जेवतानाच्या आवाजाबद्दल जे लिहिलंय (ते मी वर छापलं नाही) ते हेच कान आहेत.

आणि तरी हे मोठे लेखक नवऱ्याला तिथेच सोडून देत नाहीत. आना बाळंतपणात मरणाच्या दारात असते तेव्हा हाच कानवाला करेनिन तिच्या उशाशी रडतो, तिला आणि तिचा प्रियकर व्रॉन्स्की यालाही क्षमा करतो, आणि त्या दुसऱ्याच्या तान्ह्या मुलीची काळजी घेतो. एम्माचा नवरा शार्ल बोव्हारी याचं तर आणखी. पुस्तकाला नाव एम्माचं, पण सुरुवात होते ती शाळेत नव्याने आलेल्या, विचित्र टोपीमुळे सगळ्यांच्या हसण्याचा विषय झालेल्या शार्लपासून. एम्मा गेल्यावर त्याला तिची पत्रं सापडतात, सगळं कळतं, आणि तरी तो तिच्या जुन्या प्रियकराला सांगतो, तुमच्यावर माझा राग नाही. एके दिवशी मुलगी त्याला जेवायला बोलवायला बागेत जाते. तो बाकावर बसलेला असतो, डोकं भिंतीला टेकलेलं, हातात काळ्या केसांची एक बट. मुलीला वाटतं बाबा खेळतोय, ती त्याला हलकेच ढकलते. तो खाली पडतो. गेलेला असतो.

बाविसाव्या वर्षी वाचताना मला शार्ल बावळट वाटला होता. आता त्या बाकावरून माझे डोळे हलत नाहीत.

चाळिशी लागली की मराठी माणसाला चष्मा लागतो, इतका की चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो. लांबचं स्पष्ट दिसत असतं, हाताजवळचं अक्षर पुसट होतं. याल्ता दिसतं, पीटर्सबर्ग दिसतं, रोज शेजारी झोपणारा माणूस धूसर होतो. तुमच्या यजमानांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तेही माथ्यावर पोचलेच असतील. वडील गेले की आपल्या आणि त्या उताराच्या मध्ये कुणी उरत नाही. मला वाटतं तुमच्या घरात सध्या दोन माणसं अस्वस्थ आहेत. तुमच्या अस्वस्थतेला वाचनकट्टा मिळाला, शब्द मिळाले, ऐकणारे सर मिळाले. त्यांना घाट मिळाला. ‘काही नाही’ म्हणतात, तो तुमच्यासाठी मासा होता की तुम्ही विचारलंत ते एका हाताने डबा भरताना, हे मला इथून दिसत नाही. तुम्हाला आठवेल.

त्यांच्या मनात लेविनसारखं काही आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण जवळजवळ वर्षभर चाललेलं हे गप्प बसणं ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडू नका. खाणं, झोप, कामावर जाणं यांत फरक पडलाय का बघा. जगण्यात राम नाही असं काही तोंडून आलं तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आता डॉली, आणि तिच्यासोबतच सर. डॉली तुम्ही वाचलीय, म्हणून थोडक्यात. कादंबरी सुरू होते तेव्हा तेहतीस वर्षांची बाई, पाच मुलं हयात, दोन गेलेली, नवरा मुलांच्या जुन्या गव्हर्नेसबरोबर सापडलेला. नवरा सोडून व्रॉन्स्कीबरोबर राहणाऱ्या आनाला भेटायला निघते तेव्हा बग्गीत चार तास एकटीच असते. बाळंतपणं, आजारपणं, दात येणं, मुलांची मरणं, सगळा हिशेब मांडते आणि म्हणते, कशासाठी हे सगळं? आना बरोबर वागली. आणि मग मनातल्या मनात स्वतःचं एक प्रकरण रचते, कुणा एका काल्पनिक पुरुषाबरोबर, जो तिच्यावर वेडा झालाय. नवऱ्याला ते कळल्यावर त्याचा चेहरा कसा होईल ते आठवून हसते. तुम्ही याच जागेवर पुस्तक खाली ठेवून यजमानांना सांगायला गेलात. पुढचं सांगितलंच नाहीत. सरांनाही बहुतेक नाही.

पुढे ती आनाच्या घरी पोचते. सगळं नवं, परदेशी, झुळझुळीत. आनाची मोलकरीण तिची बॅग उघडते आणि आत डॉलीचं ठिगळ लावलेलं रात्रीचं जाकीट निघतं. आपल्या घरी तिला त्या ठिगळांचा अभिमान असतो, इतक्या जाकिटांना इतके वार कापड लागतं, इतके पैसे वाचले, हा हिशेब तिला पाठ आहे. इथे तिला त्याची लाज वाटते. आणि व्रॉन्स्कीशी बोलताना तिच्या लक्षात येतं की आनाला एक नवी सवय लागलीय: ती डोळे बारीक करते. कधी करते? स्वतःच्या आयुष्यातल्या आतल्या गोष्टीकडे बोलणं वळलं की. जणू सगळं दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी डॉली घरी परत निघते, आणि तिला मुलांची अशी काही ओढ लागलेली असते की जाताना ते तिला खरं वाटलं नसतं.

सुमती, मेसेज पुसणं म्हणजे डोळे बारीक करणं आहे. मेसेजमध्ये वावगं काही नाही यावर माझा विश्वास आहे. पण यजमानांपासून लपवायला पुसता असं तुम्हाला वाटतं. ते तुमच्या फोनला हात लावत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. मग पुसता कुणापासून? सकाळी उठून तुम्हालाच ते सलग वाचावे लागू नयेत म्हणून. एक आठवडा पुसू नका. रविवारी दुपारी बसून पहिल्यापासून वाचा. पुस्तकाबद्दल किती आहे आणि ‘झोपलात का’ किती आहे, ते दिसेल.

सरांबद्दल मी वाईट काही बोलणार नाही. सहा वर्षं एकट्याने रात्री काढलेला माणूस आहे, त्याच्या घरी तर गीझर बंद केला का विचारणारंही कुणी नाही. म्हणूनच त्यांना अंधारात ठेवू नका. रात्रीचे मेसेज थांबवा, आणि का थांबवताय ते त्यांना एका वाक्यात सांगा: ‘मला याची सवय लागायला लागलीय.’ ते समंजस असतील तर पुढचं विचारणार नाहीत. कट्टा सोडू नका, तिथे शनिवारी सगळ्यांसमोर भांडा, बोला. कोल्हापूरला यंदा जाऊ नका. कार्यक्रम वाईट आहे म्हणून नव्हे. घरी सांगायला गोष्ट जुळवावी लागली म्हणून. जी गोष्ट जुळवावी लागत नाही त्या कार्यक्रमाला पुढच्या वर्षी जा.

हे सगळं करूनही तुम्हाला कदाचित कळेल की या लग्नात तुमचा जीव खरंच घुसमटतोय. तसं असेल तर ते उजेडात म्हणा, यजमानांना तोंडावर म्हणा, समुपदेशकासमोर बसून म्हणा, वेगळं व्हायचं तर त्याच नावाने व्हा. त्यासाठी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण त्या आधी ज्या माणसाबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत, त्याच्याबद्दल एक पान लिहिता येतं का बघा. मला पाठवू नका, तुमच्यापाशीच ठेवा.

एक दिवस पहाटे त्यांच्याबरोबर घाटावर जा. थर्मासमध्ये चहा घ्या. ‘काय झालंय’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच येणार. बसा. नदी वाहते, पलीकडे कुणी कपडे धूत असेल, पुलावरून दुधाच्या गाड्या जातील. दोन-तीन दिवस काहीच बोलणं होणार नाही. चालेल.

आणि पुस्तकातलं सांगावंसं वाटलं तर या वेळी आनापासून सुरुवात करू नका, बग्गीतल्या विचारांपासूनही नको. डॉली परत येते तेव्हाचं सांगा. गाडीवान कुरकुरतोय की एवढे श्रीमंत लोक, पण रात्री घोड्यांना ओट्सची मोजून तीन मापं घातली, कोंबडं आरवायच्या आत घोड्यांनी ती चाटूनपुसून संपवली. आपल्याकडे पाहुण्यांच्या घोड्यांना पोटभर घालतात. डॉलीला तिथे नेमकं काय खुपलं ते तिला सांगता येत नाही, आणि हा बाबा चंदीच्या हिशेबात ते सांगून मोकळा होतो. ज्या घरात टांगा होता त्या घरातल्या माणसाला हे कळेल. मिरजेहून सांगलीला चार फेऱ्या करून आलेल्या घोड्याला आजोबा रात्री किती चंदी घालायचे, कशाची घालायचे, ते त्यांना विचारा. मला ठाऊक नाही. त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं असेल.